केपचा वळसा: न्हावाशेव्याहून युरोपला जाणारा कंटेनर महाग का पडतो

न्हावाशेवा ते रॉटरडॅम हे अंतर सुएझ कालव्यातून सुमारे ६,३०० सागरी मैल आहे. आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून गेलं तर तेच सुमारे १०,८०० मैल भरतं. जहाज १६ नॉटने (ताशी १६ सागरी मैल) चाललं तर पहिला प्रवास साडेसोळा दिवसांचा आणि दुसरा अठ्ठावीस दिवसांचा. मधल्या बंदरांतले थांबे वेगळे. २०२३ च्या डिसेंबरपासून युरोपला जाणाऱ्या बहुतेक मोठ्या कंटेनर जहाजांनी हा दुसरा रस्ता धरला आणि निर्यातदारांच्या तोंडी एकच वाक्य बसलं: "लांबून जातंय, म्हणून भाडं वाढलंय."

वाक्य चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. जादा मैल कापायला लागणारं इंधन हा भाडेवाढीचा लहान भाग आहे. मोठा भाग आहे तो जहाज आणि कंटेनर जास्त दिवस अडकून पडण्याचा. हा फरक कळला की फॉरवर्डरच्या (जहाजावर जागा मिळवून देणाऱ्या एजंटच्या) कोटेशनमधल्या निम्म्या ओळींचा अर्थ आपोआप लागतो.

आधी घडलं काय

लाल समुद्राच्या दक्षिण टोकाला बाब-अल-मंदेब ही सामुद्रधुनी आहे. तिची रुंदी जेमतेम ३० किलोमीटर. एका बाजूला येमेन, दुसऱ्या बाजूला जिबूती आणि एरिट्रिया. हिंदी महासागरातून सुएझकडे जाणारं प्रत्येक जहाज या फटीतूनच जातं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हूती बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवून 'गॅलेक्सी लीडर' हे मोटारवाहू जहाज ताब्यात घेतलं. पुढच्या महिन्यात क्षेपणास्त्रं आणि ड्रोनचे हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरच्या मध्यावर मर्स्क, हापाग-लॉइड, एमएससी, सीएमए सीजीएम या बड्या कंपन्यांनी जहाजं वळवली. मार्च २०२४ मध्ये खतं घेऊन चाललेलं 'रुबीमार' बुडालं. त्याच महिन्यात 'ट्रू कॉन्फिडन्स'वरचे तीन खलाशी मारले गेले. जुलै २०२५ मध्ये 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही दोन जहाजं एकाच आठवड्यात बुडवली गेली.

सुएझला बसलेला फटका आकड्यांतच दिसतो. २०२३ मध्ये कालव्यातून २६ हजारांहून जास्त जहाजं गेली होती, २०२४ मध्ये १३ हजारांच्या आसपास. इजिप्तचं उत्पन्न १,०२५ कोटी डॉलरवरून ४०० कोटींवर आलं.

या बातम्यांत आपली माणसं आहेत, हे सहसा तळाच्या ओळीत येतं. जानेवारी २०२४ मध्ये पेटलेल्या 'मार्लिन लुआंडा' टँकरवर २२ भारतीय खलाशी होते. आग विझवायला नौदलाची 'आयएनएस विशाखापट्टणम' धावली. ज्या जहाजांना खलाशी संघटना आणि मालकांमधला आंतरराष्ट्रीय करार लागू आहे, त्यांवरच्या खलाशाला युद्धक्षेत्र जाहीर झालेल्या पट्ट्यात जायला नकार देता येतो आणि कंपनीच्या खर्चाने घरी परतता येतं. गेलाच, तर मूळ पगाराइतका जादा बोनस आणि मृत्यू वा अपंगत्वाची दुप्पट भरपाई. घरात कुणी बोटीवर असेल तर हे कलम करारात आहे की नाही, ते चढण्याआधी बघावं.

भारताला वळसा जास्त का लागतो

बहुतेक बातम्यांत शांघाय ते रॉटरडॅमचं उदाहरण असतं. ते आपल्याला लागू पडत नाही. शांघायहून सुएझमार्गे साधारण साडेदहा हजार मैल, केपमार्गे पावणेचौदा-चौदा हजार. म्हणजे वाढ तीस टक्क्यांच्या आसपास. न्हावाशेव्याहून तीच वाढ सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. कारण साधं आहे. जो सुएझच्या जितका जवळ, त्याचा वळसा मूळ अंतराच्या मानाने तितका मोठा. चिनी मालाला केप हा लांबचा रस्ता आहे. मुंबईच्या मालाला तो उलट्या दिशेचा रस्ता आहे. वायव्येला जायचं आणि सुरुवात नैर्ऋत्येने करायची.

यात आणखी एक गंमत आहे, द्राक्षवाल्यांना कडू लागेल अशी. नाशिकची द्राक्षं जानेवारी ते एप्रिलमध्ये युरोपला जातात. दक्षिण आफ्रिकेचा हंगामही बराचसा याच वेळी असतो. केपटाउन ते रॉटरडॅम सुमारे ६,२०० मैल, आणि त्या रस्त्यात सुएझ येतच नाही. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे दिवस होते तेवढेच राहिले आणि आपला कंटेनर त्याच्याच दारावरून पुढे चालला.

दिवसांचा हिशेब

एक बाजू अशी मांडून बघू. समजा सात-आठ हजार टीईयूचं (टीईयू म्हणजे वीस फुटी एका कंटेनरची जागा) जहाज दिवसाला ९० टन इंधन जाळतं. जादा १२ दिवसांचे झाले १,०८० टन. टनाला ६०० डॉलर धरले तर साडेसहा लाख डॉलर. रक्कम मोठी वाटते. पण केपवरून जाताना सुएझचा टोल वाचतो, आणि तोही मोठ्या जहाजाला काही लाख डॉलर असतो. शिवाय युद्धजोखमीचा विमा वाचतो. २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रातल्या एका फेरीसाठी जहाजाच्या किमतीच्या ०.७ ते १ टक्का हप्ता मागितला जात होता. जहाज ८ कोटी डॉलरचं असेल तर एका फेरीला साडेपाच ते आठ लाख डॉलर, आणि संरक्षण साधारण सात दिवसांचं. म्हणजे नुसता वरखर्च बघितला तर वळसा महाग पडतो असंही म्हणता येत नाही. कधी तो स्वस्तच पडतो.

मग भाडं का भडकलं? कंटेनर जहाज एसटीसारखं चालतं: ठरलेला मार्ग, ठरलेला वार. दर आठवड्याला एक जहाज न्हावाशेव्याहून सुटायचं असेल आणि पूर्ण फेरीला आठ आठवडे लागत असतील, तर त्या मार्गावर आठ जहाजं लागतात. जाता-येता बारा-बारा दिवस वाढले की फेरी अकरा-बारा आठवड्यांची होते. तोच साप्ताहिक वार पाळायला आता अकरा-बारा जहाजं हवीत. माल तेवढाच, बंदरं तीच, पण तीन-चार जहाजं जादा. ती आणायची कुठून?

वेग वाढवला तर? जहाजाचं रोजचं इंधन साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. १६ नॉटचे १८ केले तर केपमार्गे तीन दिवस वाचतात, पण रोजचं इंधन ४० टक्क्यांहून जास्त वाढतं आणि अख्ख्या प्रवासाचं पाव पटीहून जास्त. त्यामुळे वेगाने थोडी तूट भरून निघते, सगळी नाही. उरलेली तूट कंपन्या जहाजं भाड्याने घेऊन भरतात किंवा एखाद्या आठवड्याचं जहाज सोडतच नाहीत. त्याला या धंद्यात ब्लँक सेलिंग म्हणतात. तुमचं बुकिंग त्या आठवड्याचं असेल तर ते पुढच्या जहाजावर ढकललं जातं. ते 'रोल' झालं.

कंटेनरांचंही तेच. पेटी महिनाभर उशिरा परतली की तेवढ्याच पेट्यांत वर्षाला कमी फेऱ्या होतात. भारतात रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) पेट्या भरून फारशा येत नाहीत, निर्यातीसाठी मात्र भरपूर लागतात. म्हणून लाइन (जहाज कंपन्या) त्या रिकाम्या आणतात, किंवा मशिन बंद ठेवून आत साधा सुका माल भरून आणतात. युरोपातून परतणारं जहाजच उशिरा आलं की डेपोत रीफर नाही. मग भाडं देण्याची तयारी असूनही पेटी मिळत नाही, आणि द्राक्ष काही वेलीवर थांबत नाही.

शांघाय-रॉटरडॅमचा चाळीस फुटी कंटेनर २०२३ च्या डिसेंबरच्या मध्यापर्यंत दीड हजार डॉलरच्या खाली होता. जुलै २०२४ मध्ये तो आठ हजारांवर गेला. वरचा इंधनाचा हिशेब घ्या: साडेसहा लाख डॉलर सहा हजार टीईयूत वाटले तर चाळीस फुटी पेटीमागे (ती दोन टीईयूची) दोनशे-सव्वादोनशे डॉलर पडतात. बाकीचं सगळं जागेच्या टंचाईचं भाडं. लाइननी या काळात घसघशीत कमावलं हेही लपून राहिलेलं नाही.

बिलातल्या ओळी

ओशन फ्रेट, इंधनाचा बीएएफ (इंधनाच्या दराप्रमाणे बदलणारा आकार), टर्मिनल हँडलिंग या नेहमीच्या ओळी. त्यांच्या खाली आलेल्या नव्या ओळींत दोन प्रकार असतात. एक आणीबाणीचे आणि गर्दीच्या हंगामाचे सरचार्ज. हे लाइनच्या मर्जीवर असतात आणि घासाघीस करता येते. दुसरा प्रकार कायद्याचा, त्यातली युरोपच्या कार्बन बाजाराची ओळ समजून घ्यावी अशी आहे.

१ जानेवारी २०२४ पासून ५,००० ग्रॉस टनांवरच्या जहाजांना युरोपच्या बंदरांत येता-जाता सोडलेल्या कार्बनचे परवाने घ्यावे लागतात. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवासाचं निम्मंच उत्सर्जन धरतात. त्यातही २०२४ साठी ४० टक्के, २०२५ साठी ७० टक्के, २०२६ पासून पूर्ण. आता वळशाचा हिशेब: १,०८० टन इंधन, टनाला साधारण ३.१ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सुमारे ३,३५० टन. त्याचे निम्मे १,६७५. परवाना टनाला ७० युरो धरला तर १ लाख १७ हजार युरो, सहा हजार टीईयूत वाटल्यावर चाळीस फुटी पेटीमागे चाळीस युरोच्या आसपास. वळशामुळे वाढलेला कार्बनचा बोजा पूर्ण दरानेही एवढाच. मूळ प्रवासाचा कार्बन वेगळा, पण कोटेशनमध्ये या ओळीखाली कुणी शेकड्यांत रक्कम लावली तर हिशेब मागायला हरकत नाही. मध्ये मोरोक्कोच्या टँजर मेडला किंवा इजिप्तच्या पूर्व पोर्ट सैदला कंटेनर बदलून कर चुकवण्याची वाटही युरोपने बंद केली आहे. ते थांबे मोजणीत धरतच नाहीत.

पेटीच्या आत काय बिघडतं

द्राक्षाचा कंटेनर हा चाळीस फुटी हायक्यूब (जादा उंचीचा) रीफर; साधारण १२ ते १३ टन माल. तापमान शून्याच्या जरा खाली ते शून्य. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रीफरला फ्रीज समजणं. रीफरचं मशिन थंड माल थंड ठेवण्यासाठी असतं, गरम माल थंड करण्यासाठी नाही. तोडणीनंतर काही तासांत प्रीकूलिंगमध्ये (झटपट थंड करण्याच्या खोलीत) घालून मण्याच्या आतलं तापमान ४ अंशांच्या खाली आणायचं, मग कोल्ड स्टोअरमध्ये शून्यापर्यंत, आणि मगच भरायचं. मण्यात तापमापी खुपसून बघायचं. खोलीच्या भिंतीवरचा आकडा उपयोगाचा नाही.

गरम माल भरला तर बाष्प सुटतं आणि प्लॅस्टिकच्या आत थेंब जमतात. द्राक्षांच्या खोक्यात वर ठेवलेलं सल्फर डायऑक्साइडचं पॅड ओलाव्यावर चालतं. त्याचे दोन टप्पे: पहिला जोरात सुटून तोडणीच्या वेळचे बुरशीचे बीजाणू मारतो, दुसरा हळूहळू आठवडे-आठवडे सुटत राहतो. ओलावा जास्त झाला तर हळू सुटणारा वायू एकदम सुटतो. देठाजवळ मणी पांढरे पडतात आणि पुढच्या प्रवासाला पॅडमध्ये काही उरत नाही. मग चौथ्या आठवड्यात राखाडी बुरशी. सुएझच्या दिवसांत अशी चूक खपून जायची, कारण बुरशी वर येण्याआधी माल दुकानात असायचा. बारा दिवस वाढले आणि तीच चूक दार उघडताना दिसू लागली. पॅड घेताना पाकिटावरच्या मुदतीत जहाजाचेच दिवस मोजू नयेत; कोल्ड स्टोअरमधला मुक्काम, बंदरावरचे दिवस, एखादा आठवडा रोल होण्याची शक्यता आणि उतरल्यानंतरचा आठवडा हे सगळं धरावं.

हवा खालच्या टी आकाराच्या फरशीतून वर येते. पॅलेटमधल्या फटी किंवा दाराजवळची मोकळी फरशी झाकली नाही तर हवा सोपी वाट धरते आणि मधले खोके गरम राहतात. कंटेनरच्या आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर माल रचला की परतीची हवा अडते. नाशिकहून बंदरापर्यंत ट्रेलरवरच्या जेनसेटचं (जनित्राचं) डिझेल भरलेलं आहे का, आणि मध्ये कुठे कंटेनर बदलायचा असेल तर तिथे प्लग किती तास निघालेला होता, हे डेटा लॉगरमध्येच (तापमान नोंदवत राहणाऱ्या यंत्रात) कळतं. एक लॉगर दाराजवळ, एक मधे. दोन हजार रुपये वाचवायला एकावर भागवणारे नंतर दावा सिद्ध करू शकत नाहीत.

वाटेतही धोका बदलला. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट हिवाळा, शिवाय तिथल्या अगुल्हास या सागरी प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या लाटा. जुलै २०२४ मध्ये 'सीएमए सीजीएम बेंजामिन फ्रँकलिन'वरून तिथे ४४ कंटेनर समुद्रात गेले. द्राक्षांचा हंगाम तोवर संपलेला असतो. पावसाळ्यात माल पाठवणाऱ्या कापड आणि इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र हे लक्षात ठेवावं.

विमा कुठे हात वर करतो

'ऑल रिस्क' म्हणून विकली जाणारी सागरी पॉलिसी उशीर धरत नाही. या पॉलिसींच्या अटींत उशिरामुळे झालेलं नुकसान स्पष्टपणे वगळलेलं असतं, अगदी उशिराचं कारण विम्यात बसणारं असलं तरी. जहाज केपवरून गेलं म्हणून द्राक्षं जास्त पिकली, हा दावा बसत नाही. रीफर मशिन बंद पडण्याचं संरक्षण वेगळं जोडून घ्यावं लागतं, आणि मशिन सलग २४ तास बंद होतं हे दाखवा, अशी अट पुष्कळदा असते. लॉगर लागतो तो इथे.

युद्धाचा धोकाही मूळ पॉलिसीत नसतो. वॉर आणि स्ट्राइक्स (युद्ध आणि संप) ही दोन कलमं जोडावी लागतात. वॉरचं संरक्षण माल जहाजावर असेपर्यंतच, किंवा जहाज शेवटच्या बंदराला पोचल्यापासून पंधरा दिवस, यांतलं जे आधी होईल तोवर. गोदामात ते लागू नाही. लाइनवर दावा लावायचा म्हटलं तर बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या) पाठीमागच्या बारीक अक्षरांत मार्ग बदलण्याचा अधिकार तिने आधीच राखून ठेवलेला असतो.

बँकेची बाजू कमी बोलली जाते. २५ लाखांच्या मालावर १२ टक्के व्याज धरलं तर जादा १२ दिवसांचे जवळपास १० हजार रुपये होतात. पैसे पोचल्यावर मिळणार असतील तर हे निर्यातदाराच्याच खिशातून. एलसी (बँकेने दिलेली पैशाची हमी) असेल तर शिपमेंटची शेवटची तारीख बघा. बुकिंग रोल होऊन बिल ऑफ लेडिंगवर त्यानंतरची तारीख पडली तर बँक कागद नाकारू शकते, माल कितीही चांगला असो. तारखेत दोन आठवड्यांची सोय आधीच मागून घेणं हे नंतर दुरुस्तीची फी भरण्यापेक्षा स्वस्त.

रस्ता परत उघडताना

डिसेंबर २०२५ मध्ये मर्स्कचं 'मर्स्क सेबारोक' बाब-अल-मंदेबमधून गेलं. त्या कंपनीचं जवळपास दोन वर्षांतलं हे पहिलं जहाज. अशी बातमी आली की आता भाडी उतरतील असं सगळे धरून चालतात. उतरतातही, पण त्याआधी गोंधळ होतो. केपवरून निघालेलं जहाज आणि त्याच्यानंतर बारा दिवसांनी सुएझमार्गे निघालेलं जहाज रॉटरडॅमला एकाच आठवड्यात पोचतात. बंदरावर दुप्पट कंटेनर, क्रेन तेवढ्याच. पेट्या यार्डात पडून राहतात आणि फ्री डेज (बिनभाड्याचे दिवस) संपले की डिमरेजचं (जादा मुक्कामाच्या आकाराचं) मीटर सुरू होतं. रीफरला वर प्लगचं भाडं वेगळं.

दुसरी गोष्ट जहाजांची. आधीच्या, करोनाकाळातल्या टंचाईत ऑर्डर दिलेली जहाजं आता पाण्यात उतरत आहेत. एकट्या २०२४ मध्ये जवळपास २९ लाख टीईयूची नवी जहाजं आली आणि जगाचा कंटेनर ताफा ३ कोटी टीईयूच्या पुढे गेला. वळशाने शोषलेली जहाजं मोकळी झाली की जागा जास्त आणि माल कमी. मग लाइन पुन्हा ब्लँक सेलिंग वाढवतात, या वेळी भाडं टिकवायला. निर्यातदाराच्या दृष्टीने परिणाम तोच: ठरलेलं जहाज सुटत नाही.

म्हणून हंगामाआधी कोटेशन घेताना चार गोष्टी लेखी मागाव्यात. दर कोणत्या मार्गाचा, सुएझ की केप, आणि मधेच मार्ग बदलला तर आणीबाणीचा सरचार्ज निघणार की राहणार. कंटेनर थेट जाणार की कोलंबो, सलालासारख्या ठिकाणी बदलणार. पोचल्यावर रीफरला फ्री डेज किती. आणि बुकिंग रोल झालं तर डेपोतून उचललेल्या पेटीचे दिवस कोणाच्या खात्यात.